जर्मन आडनावाचे मूळ शोधताना: आधी गाव, मग अर्थ

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात १८६३ पासून प्राच्य भाषा शिकवणारे गेओर्ग ब्यूलर आणि पुण्यात १८५९ ते १८६६ या काळात संस्कृत अध्यापनाची व्यवस्था पाहणारे मार्टिन हाउग ही नावे मराठी अभ्यासकांना परकी नाहीत. त्यांच्या आडनावांचा अर्थ विचारला तर उत्तर एका ओळीत देता येते. 'ब्यूलर' म्हणजे टेकडीपाशी राहणारा, आणि 'हाउग' हे 'हूगो' या व्यक्तिनामाचे नैर्ऋत्य जर्मनीतील श्वाबेन भागात रूढ झालेले रूप. गंमत अशी की, नॉर्वेतही हाउग हे आडनाव आहे आणि तेथे त्याचा अर्थ नेमका 'टेकडी' असाच होतो. एकाच नावाचा अर्थ नॉर्वेत टेकडी आणि श्वाबेनमध्ये एका पूर्वजाचे नाव असू शकतो, म्हणून शोध अर्थापासून सुरू करून चालत नाही. आधी गाव पक्के करावे लागते, अर्थ सर्वांत शेवटी येतो.

जर्मनीत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे, जर्मन घरात विवाह झाल्यामुळे मुलांच्या नावापुढे जर्मन आडनाव लागलेले पालक, आणि भारतविद्या किंवा ख्रिस्ती मिशन यांच्या इतिहासावर काम करणारे संशोधक यांना या शोधाची गरज पडते. पुढील पायऱ्या त्यांच्यासाठी आहेत.

अक्षरे पक्की करणे

देवनागरीत लिहिलेल्या जर्मन आडनावावरून मूळ वर्णलेखन परत मिळवता येत नाही. आपण 'मायर' लिहितो तेव्हा त्यामागे रोमन लिपीतील किमान पाच रूपे असू शकतात. काहींत 'ए' आहे, काहींत 'ई', काहींत 'आय', काहींत 'वाय', आणि बायर्न (बव्हेरिया) व ऑस्ट्रियाकडील एका रूपात तर शेवटच्या 'आर'च्या आधी स्वरच नाही. हे फरक शोधाच्या दृष्टीने मोलाचे आहेत, कारण 'ई' आणि 'वाय' असलेले रूप उत्तरेकडे अधिक आढळते, तर 'ए' असलेली रूपे दक्षिणेकडे. म्हणून पहिले काम हे की, पासपोर्ट, विवाहाचा दाखला, थडग्यावरील कोरीव लेख, जुनी पत्रे यांतून नाव रोमन लिपीत जसेच्या तसे, अक्षर अक्षर उतरवून घ्यावे. एकाच घरात दोन वर्णलेखने आढळली तर दोन्ही ठेवावीत. त्यांतले एक चुकीचे असे ठरवण्याची घाई करू नये.

स्वरावरील दोन टिंबे, म्हणजे उम्लाउट, हा सर्वाधिक घोटाळ्याचा भाग आहे. इंग्रजी कागदपत्रांत ही टिंबे कधी गळून पडतात, तर कधी त्यांच्याऐवजी पुढे 'ई' हे अक्षर जोडले जाते. 'ब्यूलर' हे नाव बी, टिंबांचा यू, एच, एल, ई, आर असे लिहितात आणि त्यातला 'एच' उच्चारला जात नाही. तो आधीचा स्वर दीर्घ असल्याची खूण आहे. टिंबे गळली की हे नाव 'बूलर' होते, आणि तो शब्द जर्मन कोशात पाहिला तर 'प्रियकर, प्रेमयाचना करणारा' असा जुना अर्थ सापडतो. टेकडीवरचा सज्जन माणूस दोन टिंबांच्या अभावी रंगेल ठरतो! अशीच एक उलटी गंमत आपल्या परिचयाची आहे. माक्स म्युलर यांचे नाव संस्कृतात 'मोक्षमूलर' असे रुळले; म्युलर या आडनावाचा अर्थ मात्र 'पाणचक्कीवर दळण दळणारा' एवढाच आहे आणि त्याचा मोक्षाशी किंवा मुळाशी कसलाही संबंध नाही.

माणूस कोठून आला, हे शोधणे

दुसरी पायरी मूळ गावाची. 'जर्मनी' हे उत्तर पुरेसे नाही, 'हॅनोव्हर' किंवा 'प्रशिया' हेही पुरेसे नाही, कारण ही राज्यांची नावे आहेत आणि जर्मन नोंदी गावागावांतील चर्चमध्ये आणि नगरपालिकांत विखुरलेल्या आहेत. समुद्रमार्गे परदेशी गेलेल्या पूर्वजांसाठी हॅम्बुर्ग बंदराच्या प्रवासी याद्या १८५० ते १९३४ या काळातील उपलब्ध आहेत, त्यांत अनेकदा मूळ गाव दिलेले असते. ब्रेमेनच्या याद्या बहुतांश नष्ट झाल्या आणि मुख्यतः १९२० ते १९३९ मधील भागच वाचला, त्यामुळे ब्रेमेनहून निघालेल्यांचे गाव पोहोचल्या देशाच्या कागदांतून शोधावे लागते.

पूर्वज भारतात राहिलेला असेल तर आणखी काही दारे उघडी आहेत. स्वित्झर्लंडमधील बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८३४ मध्ये मंगळूरला काम सुरू केले. तिचे अनेक मिशनरी नैर्ऋत्य जर्मनीतील व्युर्टेम्बेर्गमधून आलेले होते आणि मिशनची दप्तरे बासेल येथे जतन केलेली आहेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील छावणीत स्थानबद्ध केले होते, तर दुसऱ्या महायुद्धात साताऱ्याला व पुरंदरावर जर्मन कुटुंबे ठेवली होती. या स्थानबद्धांसंबंधीचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरांत शोधता येतात, आणि पहिल्या महायुद्धातील कैद्यांच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या सूची इंटरनेटवर खुल्या आहेत.

गावाचे नाव मिळाले तरी काम संपत नाही. एकाच नावाची दहा-वीस गावे असणे जर्मनीत नेहमीचे आहे. त्यासाठी १९१२ च्या सुमारास निघालेला 'मायर'चा स्थलकोश उपयोगी पडतो. जर्मन साम्राज्यातील लहान वस्त्यांपर्यंतची नावे, त्यांचा जिल्हा, नोंदणी कार्यालय आणि चर्च यांची माहिती त्यात आहे आणि तो आता इंटरनेटवर शोधता येतो. आज पोलंड, रशिया किंवा चेकियात असलेल्या गावांची जुनी जर्मन नावे आणि आजची नावे जुळवण्यासाठी जर्मन वंशावळ संघटनांची स्थलसूची वापरावी.

नकाशा

गाव अजिबात सापडले नाही, तर नावाच्या प्रसाराचा नकाशा पाहावा. गाव सापडले असले तरीही तो पाहावाच. दूरध्वनी पुस्तिकांवर आधारलेले असे नकाशे इंटरनेटवर फुकट मिळतात. ते वाचताना एक पथ्य पाळावे: नावाच्या एकूण संख्येचा नकाशा न पाहता लोकसंख्येच्या प्रमाणातला नकाशा पाहावा. एकूण संख्येत बर्लिन, हॅम्बुर्ग आणि म्युनिक ही शहरे कोणत्याही आडनावासाठी पुढे दिसतात, आणि त्यातून फक्त एवढेच कळते की तेथे माणसे फार आहेत.

आजच्या नकाशाची दुसरी मर्यादा दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. पूर्वेकडील प्रदेशांतून सुमारे सव्वा कोट जर्मन भाषकांना घरे सोडावी लागली आणि ते पश्चिमेला जागा मिळेल तेथे वसले. सिलेशियातले नाव आज र्‍हाईन खोऱ्यात दिसले तर आश्चर्य नको. म्हणून आजच्या नकाशाशेजारी पहिल्या महायुद्धातील जर्मन सैन्याच्या हताहतांच्या याद्या ठेवाव्यात. जर्मनीच्या संगणक-वंशावळ संघटनेच्या स्वयंसेवकांनी त्यांतील ऐंशी लाखांहून अधिक नोंदी शोधण्याजोग्या केल्या आहेत आणि त्यांत नावासोबत गावही येते. विस्थापनाच्या आधीचे चित्र यातून समोर येते.

नावाचे कूळ ओळखणे

जर्मन आडनावे साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकांदरम्यान स्थिर होत गेली. सुरुवात पश्चिमेकडील आणि दक्षिणेकडील शहरांत झाली, उत्तरेकडे व खेड्यांत ही पद्धत उशिरा पोहोचली. डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात असलेल्या श्लेस्विगमध्ये स्थिर आडनावाची सक्ती १७७१ मध्ये झाली. वायव्येकडील ओस्टफ्रीसलँडमध्ये नेपोलियनच्या १८११ च्या फर्मानापर्यंत बापाच्या नावावरून मुलाचे नाव पडत होते आणि फर्मानानंतरही ती सवय लगेच सुटली नाही. पूर्वज या दोन प्रदेशांतले असतील तर त्यापूर्वीच्या पिढ्यांत हेच आडनाव शोधण्यात वेळ घालवू नये.

आडनावांची मुळे पाच प्रकारची आहेत: पूर्वजाचे नाव, घराची जागा, मूळ गाव, व्यवसाय, आणि टोपणनाव. हाउग पहिल्या प्रकारात येतो, आणि उत्तरेकडची 'झेन'ने संपणारी पीटरझेनसारखी नावेही त्यातच येतात. ब्यूलर दुसऱ्या प्रकारातला आहे. तिसऱ्या प्रकारात दक्षिणेकडे गावाच्या नावाला 'अर' जोडतात, आपल्या 'कर'सारखा, आणि न्यूर्नबेर्गर तयार होतो. उत्तरेकडे मात्र ओल्डेनबुर्गसारखे गावाचे नाव प्रत्ययाशिवाय तसेच आडनाव बनलेले दिसते. टोपणनावांत क्लाइन म्हणजे लहानखुरा, लांग म्हणजे उंच, फुक्स म्हणजे कोल्हा. अर्थात फुक्स हे लाल केसांवरून पडले, धूर्तपणावरून पडले की घरावर रंगवलेल्या कोल्ह्यावरून, हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. शहरांत घरांना चिन्हे आणि नावे असत. फ्रँकफुर्टच्या ज्यू गल्लीतील लाल ढालीच्या घरावरून रोथशिल्ड हे नाव आले, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत व्यवसायावरून पडलेली नावे पुढे आहेत. म्युलर, श्मिट, श्नायडर, फिशर, वेबर या आघाडीच्या पाचही नावांत अनुक्रमे दळणारा, लोहार, शिंपी, कोळी आणि विणकर आहेत. शोधकासाठी याहून मोलाची गोष्ट ही की, एकाच धंद्याला निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळे शब्द होते आणि तो फरक आडनावांत गोठून राहिला. गाड्या व चाके करणारा दक्षिणेत वाग्नर, ईशान्येस श्टेलमाखर, वायव्येस राडेमाखर. कुंभार पूर्वेकडे ट्योप्फर, दक्षिणेत हाफ्नर, आणि हेसेनच्या बाजूला ऑयलर, कारण तेथे भांड्यासाठी लॅटिन 'ओला' या शब्दावरून आलेला शब्द चालत होता. पिंपे करणारा पूर्वेस ब्योट्खर, नैर्ऋत्येस क्यूफर, बायर्नमध्ये शेफलर. लोहाराचेच पाहा: कोलोनच्या परिसरात श्मिट्स, दक्षिणेत शेवटच्या 'टी'शिवायचा श्मिड. म्हणजे आडनाव वाचता आले तर धंदा कळतोच, शिवाय प्रांताचाही अंदाज येतो, आणि तो नकाशाशी ताडून पाहता येतो.

येथे आजच्या कोशावर विसंबणे धोक्याचे आहे. 'श्र्योडर' हे नाव उत्तर जर्मनीत कापड कापणाऱ्या शिंप्याचे आहे; परंतु जेथे दारूचा धंदा मोठा होता तेथे त्याच मुळातला शब्द दारूची पिंपे तळघरात उतरवणाऱ्या हमालासाठी होता. 'कायझर' म्हणजे सम्राट आणि 'बिशोफ' म्हणजे धर्माध्यक्ष खरे. पण हे नाव लावणारा माणूस सम्राटाचा वंशज नसतो. त्याने गावातल्या नाटकात ते सोंग घेतलेले असते, तो बिशपच्या जमिनीवर राबत असतो, किंवा त्याचा रुबाब पाहून लोकांनी थट्टेने ते नाव ठेवलेले असते. पूर्वेकडील नावांत स्लाव भाषांचा थर आहे: नोवाक म्हणजे नवा आलेला, आणि क्रेचमर म्हणजे गुत्तेदार, हा शब्द स्लाव भाषांतील खानावळीच्या शब्दावरून आला. सोळाव्या शतकात विद्वानांनी आपली नावे लॅटिन वा ग्रीकमध्ये फिरवून घेण्याची हौस केली. शेतकरी असा अर्थ असलेला गेओर्ग बाउअर 'आग्रिकोला' झाला, आणि श्वार्त्सएर्ट म्हणजे काळी माती हे नाव लावणारा फिलिप 'मेलांख्थोन' झाला. म्हणून सार्टोरियुस भेटला की इटलीकडे धावू नये. तो लॅटिन पेहेरावातला श्नायडर असण्याचीच शक्यता अधिक आहे.

अर्थासाठी विश्वसनीय आधार म्हणून माइन्त्सच्या अकादमीचा 'जर्मनीचा डिजिटल आडनाव-कोश' आधी पाहावा. २०१२ पासून चाललेल्या या प्रकल्पाच्या नोंदींत व्युत्पत्तीसोबत प्रसाराचे नकाशेही असतात. एखाद्या नावाला दोन किंवा तीन पर्यायी अर्थ दिलेले असतील तर त्यांतला आवडलेला अर्थ उचलू नये. तिन्ही उतरवून ठेवावेत, निवड पुढच्या पायरीवर होते.

मागे मागे जाणे

शासकीय जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदणी प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि संपूर्ण जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. र्‍हाईनच्या डाव्या तीरावर फ्रेंच अमलामुळे ती १७९८ पासूनच आहे. सध्याच्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद ११० वर्षे, विवाहाची ८० वर्षे आणि मृत्यूची ३० वर्षे नोंदणी कार्यालयात राहते आणि त्या मुदतीत मुख्यतः जोडीदार, थेट पूर्वज व वंशज यांनाच दाखला मिळतो, म्हणून अर्जासोबत नात्याची साखळी दाखवणारे दाखले जोडावेत. मुदत संपल्यावर वह्या अभिलेखागारात जातात आणि कोणालाही पाहता येतात. अर्ज जर्मनमध्ये, थोडक्यात, आणि नाव, गाव, अंदाजे वर्ष व धर्मपंथ हे चार तपशील देऊन लिहावा. घराण्याची कहाणी सांगणारे तीन पानी पत्र कोणी वाचत नाही.

त्यामागील काळासाठी चर्चच्या नोंदवह्या. प्रोटेस्टंट प्रदेशांत त्या सोळाव्या शतकात सुरू झाल्या, कॅथलिकांसाठी ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये नियम घातला. पण तीस वर्षांच्या युद्धात, म्हणजे १६१८ ते १६४८ या काळात, असंख्य वह्या जळाल्या आणि पुष्कळ गावांची साखळी तेथेच तुटते. प्रोटेस्टंट वह्यांसाठी 'आर्खिओन' हे सशुल्क संकेतस्थळ आहे, तर कॅथलिक वह्या 'मात्रिकुला'वर विनामूल्य पाहता येतात. पंथ माहीत नसेल तर चुकीच्या वह्यांत महिने जातात, म्हणून तो तपशील आधीच मिळवावा.

या वह्या 'कुरेंट' या जुन्या जर्मन हस्तलिपीत आहेत. तिच्यात 'ई' आणि 'एन' जवळजवळ सारखे दिसतात, आणि 'एन'पासून वेगळा ओळखू यावा म्हणून 'यू'च्या डोक्यावर एक कंस काढतात, जो घाईत दोन टिंबांसारखा भासतो. ब्यूलर आणि बूलर यांच्यातला गोंधळ येथेही पाठ सोडत नाही. मोडी शिकलेल्याला ही लिपी महिन्याभरात वाचता येऊ लागते असे माझे मत आहे, कारण दोन्हींत अक्षर सुटे वाचण्यापेक्षा हाताची धाव ओळखावी लागते. दिलासा एवढाच की, अनेक लेखनिक मजकूर कुरेंटमध्ये लिहून नावे मात्र लॅटिन वळणात लिहीत.

वर्णलेखनाला त्या काळी फारशी किंमत नव्हती. पाद्री ऐकेल तसे लिही, त्यामुळे ब्यूलरचा शोध घेताना बीलर हे रूपही पाहावे, कारण नैर्ऋत्येच्या बोलींत टिंबांच्या 'यू'चा उच्चार 'ई' असा होतो. बायर्न आणि ऑस्ट्रियाच्या बाजूला त्याच टेकडीवरून बिखलर आणि पिखलर ही नावे झाली. मात्र बीलर हे स्वित्झर्लंडच्या बील गावावरूनही येऊ शकते, तेव्हा दोन रूपे एकाच घराण्याची आहेत हे एकाच माणसाच्या किंवा सख्ख्या भावंडांच्या नोंदींत दोन्ही रूपे सापडल्याशिवाय मानू नये. स्त्रियांच्या आडनावाला 'इन' हा प्रत्यय लावलेला आढळेल. ब्यूलरिन ही ब्यूलरांची मुलगी किंवा पत्नी असते, तो वेगळा वंश नव्हे. तारखांबाबतही एक खाच आहे. प्रोटेस्टंट जर्मन प्रदेशांनी नवी (ग्रेगोरियन) कालगणना १७०० मध्ये स्वीकारली आणि १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च उजाडला; कॅथलिक प्रदेश त्याआधी शतकभर नव्या कालगणनेवर होते.

शेताचे आडनाव

वायव्य जर्मनीतील वेस्टफालिया, लिपे आणि ओस्नाब्र्युक या भागांत आडनाव माणसाच्या वंशाला चिकटलेले नसून शेतवाडीला चिकटलेले होते. वाडीची वारस मुलगी असेल तर तिच्याशी लग्न करून राहायला आलेला पुरुष वाडीचे नाव घेई आणि मुलेही तेच लावीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हे चालू होते. नोंदवहीत दोन आडनावांच्या मध्ये 'गेनान्ट', म्हणजे 'म्हटला जाणारा', हा शब्द किंवा त्याचे संक्षिप्त रूप दिसले की थांबावे: पहिले नाव बहुधा जन्माचे आणि दुसरे वाडीचे असते. येथे नावामागे धावत गेलेला शोधक रक्ताच्या नात्यातून बाहेर पडतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. वंश शोधायचा की नाव शोधायचे, याचा निर्णय या टप्प्यावर घ्यावाच लागतो, कारण दोन्हींच्या वाटा येथे फुटतात.

ज्यू घराणी

जर्मन भाषक ज्यूंमध्ये बापाचे नाव जोडण्याची रीत दीर्घकाळ होती आणि स्थिर आडनावे कायद्याने आली: ऑस्ट्रियाच्या राज्यांत १७८७, र्‍हाईनच्या डाव्या तीरावर १८०८, प्रशियात १८१२, बायर्नमध्ये १८१३. त्या वेळी कोणी कोणते नाव घेतले याच्या याद्या अनेक ठिकाणी उपलब्ध आहेत, आणि जुने व नवे नाव शेजारी देणारी अशी यादी मिळाली तर शोध एकदम एक पिढी मागे सरकतो. नुसत्या आडनावावरून धर्म ठरवू नये. मायर हे नाव ख्रिस्ती घरात लॅटिन 'मायोर'वरून, म्हणजे जमीनदाराच्या कारभाऱ्यावरून, आलेले असते; ज्यू घरात ते हिब्रू 'मेइर' या व्यक्तिनामावरूनही आलेले असते, ज्याचा अर्थ प्रकाश देणारा असा आहे.

कुलचिन्हांचा बाजार

आडनाव सांगा आणि कुलचिन्ह घ्या, अशा जाहिराती या वाटेवर भेटतील. पैसे वाचवावेत. कुलचिन्ह विशिष्ट घराण्याला मिळालेले असते, आडनावाला नव्हे. हजारो श्मिटांचे मिळून एक चिन्ह असू शकत नाही. तसेच नावातील 'फोन' ही नेहमीच सरदारकीची खूण नाही. वायव्य जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये साध्या शेतकऱ्यांच्या नावांतही ते 'अमुक ठिकाणचा' या अर्थाने येते. खरी सरदारकीही १९१९ च्या राज्यघटनेनंतर कायद्याने उरली नाही, पदव्या नावाचा भाग म्हणून तेवढ्या राहिल्या.

निष्कर्ष लिहिताना

टिपण लिहिताना प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार आणि वर्ष नोंदवावे, आणि नावाचा सर्वांत जुना पुरावा ज्या गावचा आहे त्या गावाची बोली व भूगोल पाहून मगच पर्यायी अर्थांतून एक निवडावा. सुरुवातीची दोन नावे या कसोटीला लावून पाहू. मार्टिन हाउग यांचा जन्म १८२७ मध्ये व्युर्टेम्बेर्गमधील बालिंगेनजवळच्या ओस्टडोर्फ गावी झाला. नावाचा प्रसार आणि जन्मगाव एकाच प्रदेशात पडतात, त्यामुळे नॉर्वेची टेकडी बाजूला ठेवून 'हूगो'चा वंशज हा अर्थ बऱ्याच विश्वासाने लिहिता येतो. गेओर्ग ब्यूलर यांचा जन्म मात्र १८३७ मध्ये हॅनोव्हरच्या राज्यातील बोर्स्टेल येथे झाला, आणि त्यांच्या आडनावाचे माहेर तेथून दूर, नैर्ऋत्य जर्मनी आणि स्वित्झर्लंड हे आहे. वडील धर्मोपदेशक होते, आणि धर्मोपदेशकांची गावे नेमणुकीबरोबर बदलतात. म्हणून बोर्स्टेलच्या बाप्तिस्मा-वहीपेक्षा हॅनोव्हरच्या प्रोटेस्टंट पाद्र्यांच्या छापील सूचीत वडिलांचे जन्मगाव आधी पाहावे आणि मग त्या गावच्या चर्चची वही मागवावी. वाट दक्षिणेकडे वळलीच तर तेथे ब्यूल नावाची अनेक गावे, कोखर नदीला मिळणारी ब्यूलर नावाची एक नदी आणि स्वित्झर्लंडच्या आपेन्त्सेल भागातील ब्यूलर नावाचे एक गावही आहे. त्यांतले नेमके कोणते, की गावाबाहेरची एखादी बिननावाची टेकडी, हे त्या वहीतील सर्वांत जुनी नोंद हाती येईपर्यंत टिपणात कोरेच ठेवावे.